आयटीआयचा ऑनलाइन प्रवेश: पात्रता कुठे कळते आणि कुठे अडते

आयटीआयला कोण बसतं, याचं उत्तर राज्याच्या प्रवेश प्रक्रियेत एका ओळीत मिळतं: दहावी उत्तीर्ण किंवा अनुत्तीर्ण, वय १४ पूर्ण, कमाल वयाची अट नाही. ओळ खरी आहे. पण ती अर्ज करायची पात्रता सांगते, हव्या त्या ट्रेडची, म्हणजे शिकायच्या व्यवसायाची, नाही. दरवर्षीचा घोळ या दोहोंच्या मधल्या जागेत होतो.

व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाची ही केंद्रीय ऑनलाइन पद्धत सेवा म्हणून चांगली आहे, हे आधीच सांगून टाकतो. राज्यात चारशेहून जास्त शासकीय आयटीआय आहेत, शिवाय खासगी संस्था, आणि या सगळ्यांसाठी अर्ज एकच. गडचिरोलीतल्या मुलीला पुण्यातली संस्था विकल्पात टाकायची असेल तर पुण्याला चक्कर मारावी लागत नाही. आधी प्राथमिक गुणवत्ता यादी लागते, तिच्यावर हरकत घेता येते, मग अंतिम यादी. अर्जाचं शुल्क गेली काही वर्षं राखीव प्रवर्गाला १०० आणि खुल्या प्रवर्गाला १५० रुपये असं आहे, म्हणजे कोणाच्या खिशाला फार चाट नाही. नियमही उदार आहेत. मध्ये चार वर्षं गेली तरी चालतात, तिशीतला माणूस पंधरा वर्षांच्या पोराशेजारी व्हाइसवर उभा राहू शकतो.

खोट आहे मांडणीत. ट्रेडची अट माहितीपुस्तिकेच्या एका तक्त्यात, आरक्षणाची कागदपत्रं दुसऱ्या प्रकरणात, आणि तो ट्रेड शिकून पुढे कोणत्या भरतीत चालेल हे तिसरीकडेच, म्हणजे भरतीच्या जाहिरातीत. तिन्ही एकदम समोर ठेवून अर्ज भरणारा विरळा. बहुतेकांचा अर्ज नेट कॅफेत भरला जातो, आणि तिथे घाई असते.

ट्रेडची अट

ही अट राज्य ठरवत नाही. शिल्प कारागीर प्रशिक्षण योजना १९५० पासूनची केंद्राची योजना आहे आणि प्रत्येक ट्रेडचा अभ्यासक्रम दिल्लीचं प्रशिक्षण महासंचालनालय काढतं. त्या अभ्यासक्रमाच्या पहिल्या काही पानांत प्रवेशाची अट, मुदत आणि एका तुकडीतल्या जागा दिलेल्या असतात. दिव्यांगत्वाच्या कोणत्या प्रकारांत तो ट्रेड घेता येतो, हेही तिथेच असतं. माहितीपुस्तिकेतला तक्ता त्याचाच सारांश. शंका आली तर मूळ अभ्यासक्रम उघडून पाहावा, तो फुकट डाउनलोड होतो.

ट्रेड ढोबळमानाने तीन गटांत पडतात. फिटर, टर्नर, मशिनिस्ट, इलेक्ट्रिशियन, ड्राफ्ट्समन हे दोन वर्षांचे, आणि त्यांना दहावी विज्ञान व गणितासह उत्तीर्ण लागते. कोपा, म्हणजे कॉम्प्युटरचा एक वर्षाचा ट्रेड, आणि स्टेनोग्राफी यांना नुसती दहावी उत्तीर्ण पुरते. वेल्डर, प्लंबर, सुइंग टेक्नॉलॉजी (शिवणकाम) एक वर्षाचे. त्यांच्या अभ्यासक्रमात अट आठवी उत्तीर्णची, पण राज्याच्या प्रवेशात गुणवत्ता दहावीच्या गुणांवरून लागत असल्यामुळे आपल्याकडे या ट्रेडना ‘दहावी अनुत्तीर्ण’ असं नाव पडलेलं आहे.

मराठी माहितीपुस्तिका आणि संस्थांच्या पाट्या वाचताना आणखी एक अडथळा: जोडारी म्हणजे फिटर, कातारी म्हणजे टर्नर, संधाता म्हणजे वेल्डर, वीजतंत्री म्हणजे इलेक्ट्रिशियन, तारतंत्री म्हणजे वायरमन. शब्द छान आहेत, पण वर्कशॉपमध्ये निदेशकही ते वापरत नाहीत. सरकारी भरतीच्या जाहिरातींत मात्र हेच येतात, तेव्हा एकदा पाठ केलेले बरे. वीजतंत्री आणि तारतंत्री एकच समजून फॉर्म भरला तर पुढे महागात पडतं.

‘विज्ञान व गणितासह’ या तीन शब्दांकडे नीट बघा. राज्य मंडळाच्या शाळेतून नेहमीच्या विषयांनी दहावी झालेल्याला यात काही अडचण नाही, दोन्ही विषय सक्तीचे असतात. अडचण येते ती पुढच्या मुलांना. राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून, म्हणजे एनआयओएसमधून, गणित न घेताही दहावी होता येतं. अशा मुलाची दहावी कोपाला चालते, फिटरला नाही. अध्ययन अक्षमतेची सवलत घेऊन गणिताच्या जागी दुसरा विषय घेतलेल्यांचंही तेच. सीबीएसईत सहावा कौशल्य विषय घेतला असेल तर गणित किंवा विज्ञानात नापास झालेल्या विषयाच्या जागी तो धरला जातो आणि निकालावर ‘पास’ येतं. पण मार्कशीटवर गणिताचा शेरा वेगळाच असतो. असा निकाल हातात असेल तर अर्ज निश्चित करायला जाताना कागदपत्रं तपासणाऱ्या कर्मचाऱ्याला तो विषय स्वतःहून दाखवावा. पुढे जागा मिळाल्यावर प्रवेशाच्या टेबलावर हा मुद्दा निघाला तर तोवर दोन फेऱ्या गेलेल्या असतात.

‘बेस्ट ऑफ फाइव्ह’बद्दलही गैरसमज आहे. राज्य मंडळाची ती सवलत टक्केवारीपुरती. सगळ्या विषयांत उत्तीर्ण व्हावंच लागतं. तसंच एटीकेटीचं. एक-दोन विषय राहिले तरी मार्कशीटवर अकरावीला पात्र असं येतं आणि पालकांना वाटतं पोरगं पास झालं. ती पात्रता अकरावीची आहे. आयटीआयच्या हिशेबात हा विद्यार्थी अनुत्तीर्ण, त्यामुळे त्याने अनुत्तीर्णांना खुले असलेले ट्रेडच मागावेत. पुरवणी परीक्षेत विषय सुटला तर तो नवा निकाल घेऊन उशिराच्या फेऱ्यांकडे लक्ष ठेवावं. तोपर्यंत फिटर-इलेक्ट्रिशियनच्या चांगल्या संस्थांतल्या जागा भरलेल्या असतात, हेही धरून चालावं.

दहावी नापासांसाठी वायरमन

या सगळ्या यादीत वायरमन हा ट्रेड आम्हाला सर्वांत दुर्लक्षित वाटतो. अट आठवीची, पण मुदत दोन वर्षांची. दहावी सुटली नाही म्हणून लोक डोळे झाकून वेल्डर लिहितात, कारण एक वर्षात मोकळं होता येतं. वेल्डरला काम मिळतं, त्यात वाद नाही. चांगल्या हाताला कारखाने शोधत येतात. पण कागदावर दोन वर्षांच्या ट्रेडची किंमत वेगळी आहे.

राज्य मंडळ आयटीआयच्या विषयांचं क्रेडिट धरून भाषा विषयांच्या परीक्षेवर दहावी किंवा बारावी देतं. बारावीच्या निकालात ‘आयटीआय’ ही वेगळी शाखा दिसते ती याच मुलांची. हा रस्ता दोन वर्षांच्या ट्रेडवाल्यांचा. डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाचा प्रवेशही दहावीनंतर दोन वर्षांचा ट्रेड केलेल्याला मिळतो, एक वर्षवाल्याला नाही. रेल्वेच्या असिस्टंट लोको पायलटच्या भरतीत दहावीसोबत ठरावीक ट्रेड मागतात. त्या यादीत फिटर, इलेक्ट्रिशियन, वायरमन, टर्नर, मशिनिस्ट, डिझेल मेकॅनिक आहेत. वेल्डर आणि कोपा नाहीत. म्हणून रेल्वे डोक्यात असेल तर ट्रेड निवडण्याआधी ती यादी वाचायची. आणि वायरमन करताना राहिलेले दहावीचे विषयही सोडवून घ्यायचे, कारण अशा भरतीत दहावी स्वतंत्रपणे मागितलेली असते.

वयाचीही एक बारीक बाब आहे. प्रवेशाला सत्राच्या पहिल्या दिवशी १४ पूर्ण लागतात, ते बहुतेकांचे दहावीपर्यंत सहज होतात. पण पंधरा-सोळाव्या वर्षी वेल्डरला गेलेला मुलगा प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडतो तेव्हा सतरा वर्षांचाही नसतो. कायद्याने १८ वर्षांखालच्या मुलाला धोकादायक कामावर घेता येत नाही, आणि धोकादायक उद्योगांतल्या अप्रेंटिसशिपलाही १८ पूर्ण लागतात. म्हणजे हातात प्रमाणपत्र आणि घरी बसून वाट पाहणं. दोन वर्षांचा ट्रेड घेतला तर हा प्रश्न बराचसा आपोआप सुटतो.

प्रवर्गाचे कागद

ट्रेडला पात्र असूनही जागा जाते ती बहुतेक वेळा इथे. प्रवर्ग मागणं आणि त्याचा पुरावा त्या दिवशी हातात असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अर्ज निश्चित करताना पुरावा नसेल तर उमेदवार खुल्या प्रवर्गात धरला जातो, आणि अर्ज निश्चित झाला की माहिती हवी तेव्हा बदलता येत नाही. प्राथमिक यादीनंतरची हरकतीची मुदत हाच काय तो दरवाजा, आणि तो एक-दोन दिवसच उघडा असतो.

अनुसूचित जाती आणि जमाती सोडून बाकी सगळ्या मागास प्रवर्गांना, म्हणजे विमुक्त जाती, भटक्या जमाती, विशेष मागास, इतर मागास, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास), जातीच्या दाखल्यासोबत नॉन-क्रिमीलेअर, म्हणजे उन्नत गटात मोडत नसल्याचं प्रमाणपत्र, लागतं. जातीचा दाखला आयुष्यभराचा, नॉन-क्रिमीलेअरला मुदत असते आणि ती ३१ मार्चला संपते. दहावीच्या परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये, प्रवेश जून-जुलैमध्ये. त्यामुळे शाळेत असताना काढून ठेवलेलं प्रमाणपत्र प्रवेशाच्या वेळी मेलेलं असतं, आणि हे कळतं ते तपासणीच्या रांगेत. प्रमाणपत्राच्या तळाशी ‘वैध दिनांकापर्यंत’ अशी ओळ असते. ती आज वाचा. संपत असेल तर एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात सेतूवर किंवा ‘आपले सरकार’वरून अर्ज टाका; निकाल लागल्यावर तहसीलला जी झुंबड उडते तिच्यात सापडू नका.

ईडब्ल्यूएसचं, म्हणजे आर्थिक दुर्बल घटकाचं, प्रमाणपत्र तर दर आर्थिक वर्षाला नवं लागतं. आठ लाखांची मर्यादा दोन्हीकडे ऐकू येते म्हणून लोक दोन्ही हिशेब एक समजतात. ईडब्ल्यूएसच्या आठ लाखांत पगार, शेती, धंदा, सगळं कुटुंबाचं उत्पन्न येतं. नॉन-क्रिमीलेअरचा हिशेब वेगळ्या नियमांनी होतो. आणि कुठल्याही मागास प्रवर्गात मोडणाऱ्याला ईडब्ल्यूएस मिळत नाही, एवढं तरी पक्कं ध्यानात ठेवावं.

प्रमाणपत्र राज्याच्या नमुन्यातलं हवं. केंद्राच्या परीक्षांसाठी काढलेला ओबीसी किंवा ईडब्ल्यूएसचा दाखला वेगळ्या नमुन्यात असतो, आणि शिक्का, सही, अशोकस्तंभ सगळं असूनही इथे तो परत येतो. मथळ्यातच तो कशासाठी दिला आहे हे लिहिलेलं असतं.

मुलींसाठी प्रत्येक प्रवर्गात ३० टक्के समांतर आरक्षण आहे. फिटर-टर्नरसारख्या ट्रेडना मुली कमी अर्ज करतात, त्यामुळे मुलाला ज्या संस्थेत जागा मिळत नाही तिथे तेवढ्याच गुणांच्या मुलीला ती मिळू शकते. हे पालकांना कोणी सांगत नाही. मुलगी म्हटलं की नेट कॅफेवाला सुइंग आणि कॉस्मेटॉलॉजीच पहिल्यांदा टाइप करतो. दिव्यांगांनी मात्र आरक्षणाच्या आधी अभ्यासक्रमातली ट्रेडनिहाय यादी पाहावी. एका ट्रेडला चालणारा दिव्यांगत्वाचा प्रकार दुसऱ्याला चालेलच असं नाही; आरक्षण आहे म्हणून ट्रेड मिळाला आणि यादीत प्रकारच नाही, हा मनस्ताप टाळता येण्यासारखा आहे.

प्रतिज्ञापत्र लागलं, उदाहरणार्थ शिक्षणातल्या गॅपसाठी, तर स्टॅम्प पेपरच्या मागे धावू नका. शासकीय कार्यालयांत आणि शिक्षणासाठी द्यायच्या प्रतिज्ञापत्रांना राज्यात मुद्रांक शुल्क माफ आहे. साध्या कागदावर चालतं. तरीही कोर्टाच्या बाहेर टेबल टाकून बसलेले पाचशेचा कागद पुढे करतात, आणि लोक घेतात.

विकल्प: इथे मोठी चूक होते

अर्ज निश्चित झाल्यावर विकल्प भरायचे: कोणती संस्था, कोणता ट्रेड, कोणत्या क्रमाने. प्रणालीचा हा भाग तांत्रिकदृष्ट्या सगळ्यात चांगला आहे, आणि समजुतीच्या दृष्टीने सगळ्यात वाईट.

नियम असा: पहिल्या फेरीत पहिल्याच विकल्पाची जागा लागली तर प्रवेश घ्यावाच लागतो. नाही घेतला तर पुढच्या केंद्रीय फेऱ्यांतून बाहेर. पुढच्या फेऱ्यांत ही सक्ती वरच्या आणखी काही विकल्पांना लागू होते. नेमके किती, ते त्या वर्षीच्या वेळापत्रकात वाचायचं.

आता एक मुलगा धरा, दहावीला ६८ टक्के. त्याला मनातून हवा आहे जिल्ह्याच्या ठिकाणचा फिटर. पण गावाजवळच्या संस्थेत वेल्डर नक्की मिळेल म्हणून तो पहिल्या क्रमांकावर लिहितो, फिटर दुसऱ्या. ‘आधी मिळणारं लिही, मग हवं ते’ हा कोणीतरी दिलेला सल्ला. पहिल्या फेरीत त्याला वेल्डर लागतो, कारण तो त्याचा पहिला विकल्प आणि गुण भरपूर. फिटरची जागा त्याच्या गुणांना लागली असती की नाही, हे प्रणाली तपासतच नाही. वरचा विकल्प मिळाला की खालचे मिटतात. आता एक तर वेल्डर घ्या, नाहीतर रांगेतून बाहेर व्हा. उलट फिटर पहिला आणि वेल्डर दुसरा लिहिला असता तर काहीही बिघडलं नसतं: फिटरला गुण कमी पडले असते तर त्याच फेरीत वेल्डर तपासला गेला असता. विकल्प मिळण्याच्या शक्यतेने लावायचे नसतात, आवडीच्या क्रमाने लावायचे असतात.

त्यामुळे पहिल्या ओळीत फक्त तेच लिहा, जे लागलं तर त्याच दिवशी पैसे भरायला जाल. आणि खाली भरपूर विकल्प टाका. फिटरच्या एका तुकडीत जागा २० असतात, कोपाच्या २४. त्यातून प्रवर्ग, महिला, दिव्यांग असे वाटे पडले की एखाद्या प्रवर्गाला एकाच तुकडीत दोन-तीन जागा उरतात. तीन विकल्प टाकून ‘जागा लागली नाही’ म्हणणाऱ्यांनी हा गुणाकार करून पाहावा.

संस्था नावाने निवडू नका, कोडने निवडा. २०२४ पासून राज्यातल्या अनेक शासकीय आयटीआयना थोर व्यक्तींची नावं दिली गेली आहेत; लोकांच्या तोंडी अजून गावाचंच नाव आहे, आणि एकाच शहरात मुलींची, अल्पसंख्याकांची, सर्वसाधारण अशा वेगवेगळ्या संस्था असू शकतात. खासगी संस्थाही त्याच यादीत येतात आणि त्यांचं शुल्क शासकीयपेक्षा बरंच जास्त असतं, तेव्हा प्रत्येक ओळीवर शासकीय की खासगी हे पाहूनच पुढे जावं. तो ट्रेड, ती तुकडी राष्ट्रीय स्तरावर संलग्न आहे का, हेही तपासावं. राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र मिळतं ते संलग्न तुकडीलाच.

नाव, जन्मतारीख, आणि एलसी

राज्य मंडळाच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. आधारवर बहुधा नाव आधी, आणि कधी कधी वडिलांचं नाव गायब. प्रवेश अर्जातली माहिती पुढे केंद्राच्या प्रणालीत जाते आणि दोन वर्षांनी राष्ट्रीय प्रमाणपत्रावर तीच छापली जाते. तेव्हा आधार, दहावी आणि प्रमाणपत्र अशा तीन ठिकाणी तीन नावं झाली की भरतीच्या कागद तपासणीत अडवलं जातं. प्रमाणपत्र निघाल्यावर दुरुस्ती करता येते, पण त्याला महिने लागतात. आधार दहावीच्या मार्कशीटप्रमाणे करून घ्यायला हेच दिवस बरे. आईच्या नावाचं स्पेलिंगही तपासा; मार्कशीटवर ते असतं आणि अर्जातही विचारतात.

मोबाइल नंबर स्वतःचा किंवा घरातला द्या. ओटीपी आणि जागा लागल्याचा मेसेज त्यावर येतो. नेट कॅफेवाल्याचा नंबर दिला की आपल्या प्रवेशाची किल्ली त्याच्या खिशात राहते.

आणि शाळा सोडल्याचा दाखला, म्हणजे एलसी. सुरक्षित म्हणून आधी अकरावीला प्रवेश घ्यायचा आणि आयटीआय लागलं की तिकडे जायचं, असा बहुतेक घरांचा बेत असतो. बेत चुकीचा नाही, पण मूळ एलसी कॉलेजात जमा झालेली असते आणि आयटीआयला प्रवेश घेताना मूळच लागते. प्रवेशाची मुदत मोजक्या दिवसांची, त्यात रविवार आला, कॉलेजचा क्लार्क रजेवर असला की संपलं. जागा लागल्याचा मेसेज आला त्याच दिवशी कॉलेजात अकरावीचा प्रवेश रद्द करण्याचा अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी.

इतर सरकारी प्रशिक्षण योजनांशी गल्लत

२०२४ साली मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना आली आणि तेव्हापासून दहावीची मुलंही ‘ते दहा हजार रुपयेवालं प्रशिक्षण’ विचारत येतात. ती योजना १८ ते ३५ वयाच्या, किमान बारावी झालेल्या आणि सध्या शिकत नसलेल्या तरुणांसाठी. बारावीला महिना ६,०००, आयटीआय किंवा पदविकेला ८,०००, पदवीला १०,००० असं विद्यावेतन तिच्यात ठरलं. दहावीनंतर लगेच तिचा उपयोग नाही, आयटीआय झाल्यावर आहे. तिची नोंदणी महास्वयम या राज्याच्या रोजगार पोर्टलवर, तिला आधारला जोडलेलं बँक खातं लागतं. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेचे अल्पमुदतीचे कोर्स १५ ते ४५ वयासाठी असतात आणि शाळा सोडलेल्यांनाही मिळतात, पण काही महिन्यांचं ते प्रमाणपत्र म्हणजे आयटीआयचं राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र नव्हे. भरतीच्या अर्जात दोन्हींना एकाच रकान्यात भरू नये.

आयटीआयमध्येही शिकता शिकता विद्यावेतन मिळतं. वर्षानुवर्षं ते महिना ४० रुपये होतं. ते ५०० करण्याचा निर्णय २०२३ साली झाला. एसटीच्या पासाच्या मानाने ते अजूनही तोकडंच.

प्रवेश झाला म्हणजे पात्रतेची कटकट संपली असंही नाही. अखिल भारतीय व्यवसाय परीक्षेला बसायचं तर ८० टक्के हजेरी लागते, आणि प्रात्यक्षिकात उत्तीर्ण व्हायला ६० टक्के, लेखीला ३३. दहावीच्या ३५ टक्क्यांची सवय झालेल्यांना प्रात्यक्षिकाचा हा आकडा धक्का देतो. आधीच्या सत्र पद्धतीच्या जागी २०१८ पासून वार्षिक पद्धत आहे, त्यामुळे वर्षभर टाळाटाळ करून शेवटच्या महिन्यात हजेरी भरून काढायला जागा नाही.

समुपदेशन फेरी

केंद्रीय फेऱ्या संपल्यावर उरलेल्या जागांसाठी समुपदेशन फेरी होते. पुरवणीत सुटलेले, आधी अर्जच न भरलेले, विकल्प चुकलेले, सगळे इथे येतात. ही फेरी प्रत्यक्ष हजर राहून होते: गुणवत्तेप्रमाणे नावं पुकारली जातात, समोर शिल्लक जागांची यादी असते, आणि निवड तिथल्या तिथे सांगायची. ‘घरी विचारून सांगतो’ याला वेळ नसतो, म्हणून पालकाला सोबत न्यावं किंवा ट्रेडचा क्रम आदल्या रात्री ठरवून कागदावर लिहून न्यावा. मूळ मार्कशीट, मूळ एलसी, जातीचा दाखला, चालू वर्षाचं नॉन-क्रिमीलेअर किंवा ईडब्ल्यूएस, आधार, प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स, चार फोटो, आणि शुल्काचे पैसे. नोंदणीची वेळ सकाळची दिलेली असते, ती चुकवू नये. पुकारलं तेव्हा झेरॉक्सच्या दुकानात असलेल्याचा नंबर गेला की पुढचं नाव घेतलं जातं.